आराखड्यावर सही करण्यापूर्वी : सायकल पर्यटनाचे धोरण आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पर्यटन आणि रस्तेबांधणी या विभागांचे अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या काही वर्षांत पर्यटनाच्या आराखड्यांमध्ये ‘सायकल पर्यटन’ असे एक स्वतंत्र प्रकरण दिसू लागले आहे, आणि ही बाब निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र ही प्रकरणे वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. त्यांत मार्गाची लांबी असते, खर्चाचा अंदाज असतो, रंगीत चित्रे असतात, उद्घाटनाच्या दिवशी किती सायकली रस्त्यावर उतरवायच्या याचा आकडासुद्धा असतो. परंतु आज कोणतीही योजना नसताना सुट्टीच्या पहाटे आपापल्या हौसेने सायकली काढून बाहेर पडणारे जे गट आहेत, त्यांचा उल्लेख आलाच तर झेंडा दाखवण्याच्या समारंभासाठी जमवायची माणसे म्हणून येतो. या गटांना आराखडा आकाराला येण्यापूर्वी बोलवावे आणि निर्णयात अधिकृत वाटा द्यावा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मागणी वाटते तेवढी नवी नाही. आज ज्यांना आपण पर्यटकांच्या मूलभूत सोयी म्हणतो, त्यांतल्या कित्येक हौशी सायकलस्वारांच्या मंडळांनी सरकारांच्या आधी उभ्या केल्या आहेत. इंग्लंडमधील हॅरोगेट येथे १८७८ साली ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. हाच पुढे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाला आणि आता ‘सायकलिंग यूके’ या नावाने काम करतो. त्या क्लबने धोकादायक उतारांच्या माथ्यावर इशारा देणारे फलक लावले, मुक्कामाच्या जागांशी बोलणी करून सभासदांसाठी दर ठरवून घेतले, आणि ठिकठिकाणी आपले प्रतिनिधी नेमले, जेणेकरून परक्या मुलखात आलेल्या सभासदाला रस्त्याची खरी माहिती देणारे कोणीतरी भेटावे. नेदरलँड्समध्ये १८८३ साली सायकलस्वारांची संघटना म्हणून सुरू झालेल्या एएनडब्ल्यूबीने १८९४ पासून दिशादर्शक फलक उभारायला घेतले. त्याच वर्षी मिलानमध्ये ५७ सायकलस्वारांनी एकत्र येऊन जो टूरिंग क्लब काढला, तो पुढे इटलीचे नकाशे आणि प्रवासाच्या मार्गदर्शिका तयार करणारी मातब्बर संस्था बनला. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ने चांगल्या रस्त्यांसाठी देशभर चळवळ उभारली, तेव्हा मोटारी अजून रस्त्यावर यायच्या होत्या.

या इतिहासाला एक कडवट शेपूटही आहे. एएनडब्ल्यूबी काय किंवा १८९६ साली जिनिव्हात सायकलस्वारांनी स्थापन केलेला ‘टूरिंग क्लब स्वित्झर्लंड’ काय, आज या संस्था लोकांना ठाऊक आहेत त्या प्रामुख्याने रस्त्यात बंद पडलेल्या मोटारींच्या मदतीसाठी. सायकलवाल्यांनी बांधलेल्या घरात मोटारमालक राहायला आले आणि मूळ मालकांना अंगणात जागा मागावी लागली. म्हणूनच गटांचा सहभाग कोणा एका उत्साही अधिकाऱ्याच्या सदिच्छेवर न सोडता तो नियमांत लिहिलेला असावा, असा आग्रह आहे.

सायकल पर्यटन म्हटले, की आराखडे तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा दूरच्या देशातून आलेला, चार पिशव्या लादलेल्या सायकलवर महिनोन्महिने हिंडणारा प्रवासी उभा राहतो. असा प्रवासी असतो आणि त्याचे स्वागत व्हायलाच हवे, पण गणित त्याच्यावर चालत नाही. युरोपीय संसदेसाठी २०१२ साली झालेल्या अभ्यासात युरोपातील सायकल पर्यटनाची उलाढाल वर्षाला सुमारे ४४ अब्ज युरो इतकी अंदाजली गेली होती. त्यांपैकी मुक्कामी सहलींचा वाटा सुमारे ९ अब्जांचा होता आणि उरलेली सर्व उलाढाल सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांची होती. म्हणजे विरंगुळा आणि पर्यटन यांच्यामध्ये आपल्या कागदांवर जी भिंत आहे, ती रस्त्यावर नाही. जो माणूस आठवड्यातून एकदा ओळखीच्या गटाबरोबर चाळीस किलोमीटर जातो, तोच वर्षभराने दोन दिवसांच्या सहलीला निघतो आणि कधीतरी आठवडाभराची रजा टाकून सीमेपलीकडे जातो. या वाटेवरची पहिली पायरी कोणतीही जाहिरात चढवून देत नाही. पंक्चर झाले तर कोणीतरी थांबेल, चढावर मागे पडलो तर वळणावर कोणीतरी वाट पाहील, हा भरवसा ती पायरी चढवतो आणि तो भरवसा गटातच मिळतो.

गट म्हणजे नेमके काय, हेही थोडे तपशिलात सांगणे भाग आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला एकसारख्या जर्सी घातलेला घोळका दिसतो. चांगल्या गटात राइड ठरवणारा माणूस मार्ग आधी स्वतः चालवून आलेला असतो. पुढचा स्वार खड्डा किंवा वाळू दिसताच हात खाली करून बोट दाखवतो आणि तीच खूण मागे मागे पोहोचत जाते. सर्वांत शेवटी एक अनुभवी स्वार मुद्दाम रेंगाळत चालतो, कारण त्याच्या मागे कोणी राहिलेले चालत नाही. या साध्या शिस्तीतून कित्येक वर्षांची माहिती साठत जाते : कोणत्या टप्प्यावर दुपारी सावली नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे, वारा कोणत्या मोसमात समोरून येतो, कोणत्या पुलाच्या सांध्यात बारीक टायर अडकतो. सल्लागार कंपनीला ही माहिती दोन आठवड्यांच्या पाहणीत मिळणे शक्य नाही. ती मोटारीतून पाहणी करत असेल, तर दोन वर्षांतही नाही.

उदाहरणादाखल एक लहानसा तपशील घ्या. सायकल मार्गावर मोटारसायकली शिरू नयेत म्हणून सुरुवातीलाच लोखंडी खांब किंवा नागमोडी कठडे उभे करतात. कागदावर ते सुरक्षिततेचे लक्षण असते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली सायकल त्यातून निघत नाही. मुलाला बसवायची मागची गाडी, दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल किंवा हाताने चालवायची तीनचाकी तर मुळीच निघत नाही. मग प्रवासी खाली उतरतो, सामान सोडवतो, सायकल उचलून पलीकडे नेतो, पुन्हा सामान बांधतो आणि पुढच्या चौकात तसाच कठडा पाहून मुख्य रस्ता धरतो. गटाराच्या जाळीचेही तसेच. तिच्या फटी चाकाच्या दिशेने ठेवल्या तर बारीक चाक आत जाते, आडव्या ठेवल्या तर जात नाही. खर्च दोन्हींचा सारखाच. असे प्रश्न आराखड्याच्या टप्प्यावर एका बैठकीत सुटतात आणि बांधकामानंतर वर्षानुवर्षे सुटत नाहीत.

ज्याला जागेची नस कळते, अशा माणसाच्या हाती काम गेले की काय होते, याचा नमुना बेल्जियममध्ये आहे. लिंबुर्ग प्रांतातील शेवटची कोळसा खाण १९९२ साली बंद झाली. तेथील ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने भूमिगत बोगद्यांच्या जाळ्यातील फाट्यांना क्रमांक देण्याची पद्धत सायकल रस्त्यांना लावली. प्रत्येक फाट्याला एक क्रमांक, फलकावर फक्त पुढच्या फाट्यांचे क्रमांक आणि बाण. प्रवाशाने चिठ्ठीवर पाच-सहा आकडे लिहून घ्यायचे आणि निघायचे. थकवा आला तर मधल्याच फाट्यावरून परतीचा आकडा धरायचा. १९९५ मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुढे बेल्जियमच्या इतर भागांत, नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीच्या काही भागांत पसरली. तिच्यासाठी नवे रस्ते फारसे बांधावे लागले नाहीत. वाहतूक कमी असलेले जुनेच रस्ते एकमेकांना जोडले गेले. जपानमध्ये ओनोमिची ते इमाबारी या सुमारे ७० किलोमीटरच्या शिमानामी मार्गावर तर बेटांवरच्या नेहमीच्या रस्त्यांच्या कडेने एक निळी रेघ ओढून दिली आहे. ती रेघ धरून माणूस पुलामागून पूल ओलांडत जातो. ‘जागतिक दर्जाचा सायकल ट्रॅक’ हे शब्द प्रस्तावात लिहिण्यापूर्वी अशा रेघेचा विचार झाला, तर बराच सिमेंट वाचेल.

गटांची दुसरी ताकद म्हणजे अनवट गावांपर्यंत माणसे नेणे. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९७३ साली एका वृत्तपत्राच्या दोन पत्रकारांनी राज्य ओलांडून सायकलने जायचे ठरवले आणि वाचकांना सोबत येण्याचे निमंत्रण दिले. त्या सहज केलेल्या उद्योगातून उभ्या राहिलेल्या रॅगब्राय या वार्षिक सफरीत आता हजारो लोक आठवडाभर चालतात. तिचा मार्ग दरवर्षी बदलतो, त्यामुळे मुक्कामाचा मान प्रत्येक वर्षी वेगळ्या गावांना मिळतो आणि एरवी कोणीही थांबले नसते अशा ठिकाणी शाळा, प्रार्थनास्थळे आणि स्थानिक मंडळे जेवणाची व्यवस्था करून आपापल्या कामांसाठी निधी उभारतात. त्याच देशात १९७६ साली सुमारे चार हजार लोकांनी एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा मार्ग पूर्णतः किंवा अंशतः पार केला. तो मार्ग शोधून त्याचे नकाशे बनवण्याचे काम मूठभर सायकलप्रेमींनी हाती घेतले होते, आणि त्यातूनच पुढे ‘ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेंचे, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या, शर्यत नसलेल्या सायकल सफरींचे गणितही पाहण्यासारखे आहे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सफरीच्या १२०० किलोमीटरसाठी जास्तीत जास्त ९० तास अशी मुदत असते. आधी पोहोचणाऱ्याला वेगळे बक्षीस नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावा लागतो, आणि ही ठिकाणे बऱ्याचदा साधी दुकाने असतात. शिक्का घ्यायला आलेला स्वार पाणी भरून घेतो, काहीतरी खातो आणि पुढे निघतो. शंभर स्वार म्हणजे त्या दुकानाला एका दिवसात शंभर जादा गिऱ्हाइके, तीही बाजारपेठेपासून दूर. या आयोजनांचा डोलारा जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांच्या श्रमावर उभा असतो. असे असूनही त्यांना परवानगीसाठी मोटारींच्या शर्यतीचाच अर्ज भरायला लावला जातो, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. शर्यत आणि सफर यांतला फरक ओळखणारा, एका पानाचा सोपा अर्ज तयार करणे आपल्या विभागाला अवघड नाही.

जुन्या रेल्वेमार्गांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण सहकुटुंब सायकल चालवणाऱ्यांना याहून सोयीची दुसरी जागा नाही. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाहीत, म्हणून तिचा मार्ग शक्य तितका सपाट आखलेला असतो, आणि जो चढ इंजिनाला झेपतो तो बहुतेक वेळा दहा वर्षांच्या मुलालाही झेपतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५० किलोमीटरचा बंद पडलेला लोहमार्ग १९६७ साली सायकलींसाठी खुला झाला. त्यावर तीन बोगदे आहेत, त्यांतला एक किलोमीटरहून लांब आहे आणि तेथे विजेरी घेऊन, सायकल हातात धरून चालत जायचे असते. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल मार्गावरची रेल्वे १९९० मध्ये थांबली आणि २००० साली सुमारे १५० किलोमीटरचा सायकल मार्ग तेथे पूर्ण झाला. सुरुवातीला स्थानिकांपैकी अनेकांना त्याविषयी शंका होती, काहींचा उघड विरोध होता. पुढे त्याच वाटेवरच्या ओस पडत चाललेल्या वस्त्यांत जुन्या इमारती मुक्कामाच्या जागा झाल्या, सामान पुढच्या गावी पोहोचवण्याचे आणि सायकली भाड्याने देण्याचे व्यवसाय उभे राहिले.

मात्र अशा मार्गांचे खरे दुखणे उद्घाटनानंतर सुरू होते. एका पावसाळ्यात कडेची माती वाहून येते, दोन वर्षांत झाडांची मुळे डांबर उचलतात, फलक चोरीला जातात किंवा वेलींत गडप होतात. बांधकामासाठी निधी मिळतो, देखभालीसाठी वेगळे लेखाशीर्षच नसते. येथे गट उपयोगी पडू शकतात, पण आपण त्यांच्याकडून फुकट झाडलोटीची अपेक्षा ठेवू नये. त्यांनी मार्ग वाटून घेऊन दर महिन्याला पाहणी करावी, बिघाड कळवावा, फलक पुसावेत. आणि विभागाने ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करावी, न झाल्यास कारण जाहीर करावे. तक्रार कळवून काहीच होत नाही असे दोन वेळा दिसले, की स्वयंसेवक तिसऱ्यांदा कळवत नाही.

मुक्काम आणि रेल्वे हे दोन विषय आपल्या थेट अधिकारात नसतीलही, पण त्यांच्यावाचून बाकी सगळे अधुरे आहे. जर्मनीतील सायकलस्वारांच्या एडीएफसी या संघटनेने १९९५ पासून मुक्कामाच्या जागांना ‘बेट प्लस बाइक’ (जर्मनमध्ये ‘बेट’ म्हणजे पलंग) हे मानचिन्ह द्यायला सुरुवात केली. त्याच्या अटी चैनीच्या नाहीत : एका रात्रीसाठीही खोली द्यावी, सायकल कुलपात ठेवण्याची जागा असावी, ओले कपडे वाळवायची सोय असावी, किरकोळ दुरुस्तीची हत्यारे मिळावीत. दिवसभर पावसात सायकल चालवून आलेल्या माणसाला तारांकित दर्जापेक्षा या चार गोष्टींची किंमत अधिक असते. रेल्वेच्या बाबतीत युरोपीय महासंघाने नियमच केला आहे, की नव्या आणि मोठ्या नूतनीकरणातून जाणाऱ्या गाड्यांत सर्वसाधारणपणे किमान ४ सायकलींसाठी जागा ठेवावी. चार हा आकडा तोकडा आहे आणि तेथील संघटनाही तसे सांगतात, पण शून्यापेक्षा तो पुष्कळ बरा. एका बाजूने सायकलने जाऊन दुसऱ्या बाजूने रेल्वेने परत येता आले, की साध्या स्वाराचा पल्ला दुप्पट होतो.

आता गटांच्या उणिवांविषयीही स्पष्टपणे लिहिले पाहिजे. नाहीतर हे पत्र स्वतःचीच पाठ थोपटणारे ठरेल. काही गटांमध्ये सरासरी वेगाला इतके महत्त्व आले आहे, की नवखा माणूस पहिल्याच राइडला एकटा मागे पडतो आणि पुन्हा फिरकत नाही. स्त्रिया, ज्येष्ठ, अपंग आणि साध्या सायकलवर येणारे यांना प्रवेश नाकारलेला नसतो, पण त्यांच्यासाठी काही ठरवलेलेही नसते. अरुंद रस्त्यावर तिघे-चौघे समांतर चालतात, गावातून जाताना आरडाओरडा होतो, खाऊची वेष्टने मागे राहतात. हौशी सायकलस्वारीचा मूळ वारसा याच्या उलट आहे. सायकल पर्यटनाचे फ्रान्समधील आद्य पुरस्कर्ते पॉल द व्हिव्ही, ज्यांना लोक व्हेलोसिओ म्हणून ओळखत, ते दमछाक होऊन भोवतालाचा आनंद गमावण्याच्या विरुद्ध होते आणि चढ सुसह्य करणाऱ्या बदलत्या गिअरांचा त्यांनी हिरिरीने प्रचार केला. तूर द फ्रान्स या शर्यतीच्या आयोजकांनी मात्र डिरेल्युअर गिअरांना, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरांना, १९३७ पर्यंत परवानगी दिली नाही. आज प्रत्येक दुकानातल्या सायकलला जे गिअर असतात, त्यांच्यामागे शर्यतवीरांइतकेच, किंबहुना अधिक श्रेय अशा संथ प्रवाशांचे आहे. म्हणून सल्ल्यासाठी गट निवडताना सर्वांत वेगवान किंवा सर्वाधिक अनुयायी असलेला गट निवडू नये. संथ चालणारे, मुलांना घेऊन निघणारे, साध्या सायकली वापरणारे यांना समितीत निम्म्याहून कमी जागा नसाव्यात. आणि ज्या गावांतून मार्ग जाणार आहे तेथील रहिवाशांना गटांच्या बरोबरीने आवाज असावा. सायकलस्वार एक तास थांबून निघून जातो, त्यांना तेथेच राहायचे असते.

आपल्याकडून अपेक्षा मोजक्या आहेत. सायकल मार्गाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत स्थानिक गटांचे लेखी अभिप्राय आणि त्यांवरचे विभागाचे उत्तर जोडणे बंधनकारक करावे. मंजूर निधीचा ठरावीक हिस्सा किमान दहा वर्षांच्या देखभालीसाठी आधीच राखून ठेवावा. मार्गावर मोजणीयंत्रे बसवून त्यांचे आकडे दर महिन्याला जाहीर करावेत, म्हणजे उद्घाटनाच्या गर्दीऐवजी नेहमीच्या मंगळवारी तेथे किती माणसे असतात ते सर्वांना कळेल. आणि अंतिम आराखड्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने तो मार्ग एकदा, सामान लावलेल्या साध्या सायकलवर, गटातल्या सर्वांत संथ स्वाराच्या बरोबरीने, वाहतूक अडवून न ठेवता स्वतः चालवलेला असावा. तारीख आपण कळवावी. सायकल, हेल्मेट आणि पंक्चर काढणारा माणूस यांची व्यवस्था आम्ही करू.

कळावे,
आपला नम्र,
एक हौशी सायकलस्वार